वावरात असताना वावरात असणे

विदर्भात शेताला वावर म्हणतात. प्रमाण मराठीत मात्र वावर म्हणजे एखाद्या ठिकाणी असणे, तेथे हिंडणे-फिरणे. हे दोन अर्थ माझ्या आयुष्यात एकमेकांपासून किती दूर गेले होते, ते काही वर्षांपूर्वी कपाशीत निंदण करताना माझ्या ध्यानात आले. सकाळी आठला वावरात शिरलो होतो. दुपारी भाकर खायला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली बसलो तेव्हा दोन तास निंदून झाले होते, म्हणजे दोन ओळी, कारण आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. आणि घड्याळातले जे चार तास त्यात गेले होते, त्यांतला एकही मला आठवत नव्हता. हात तणात होते आणि मन बाजार समितीच्या लिलावात, मुलाच्या वसतिगृहाच्या फीमध्ये आणि शेजारच्या वावरात उभ्या असलेल्या नव्या ट्रॅक्टरभोवती फिरत होते.

त्यानंतर मी ज्या लहान लहान गोष्टी करून पाहिल्या, त्यांतल्या ज्या टिकल्या तेवढ्याच येथे मांडतो आहे. कोरडवाहू शेतीत राबणाऱ्या माणसाच्या दिवसात त्या बसतात. त्यांना वेगळी खोली लागत नाही, पैसा लागत नाही आणि सकाळचे दूध काढणे सोडून डोळे मिटून बसावेही लागत नाही.

तहान आणि छंद

इच्छा सोडा, असा उपदेश शेतकऱ्याला करणे मला कधीच पटलेले नाही. ज्याला पीक यावे असे वाटत नाही तो पेरणार कशाला? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या गावोगावी विहारे उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर बुद्धाचे शब्दही आमच्या कानांवर पडू लागले. त्यांतला दुःखाचे कारण सांगणारा शब्द ‘तण्हा’ हा आहे, आणि आपला रोजचा ‘तहान’ हा शब्द त्याच घराण्यातला आहे. पाली भाषेत करण्याच्या इच्छेला आणखी एक शब्द आहे, ‘छंद’, आणि चांगले काम करण्याची जी ओढ असते तिला कुशल छंद म्हटले जाते. मराठीत छंद म्हणजे ज्या गोष्टीत मन रमते ती गोष्ट. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन शब्दांमधला फरक ओळखणे हेच या वाटेवरचे पहिले काम आहे. वावर नीट करावे, बियाणे योग्य ओलीवर पडावे, गाय वेळेवर फळावी, ही ओढ हातातल्या कामाला बळ देते. भाव यंदा अमुक झालाच पाहिजे, शेजाऱ्याच्या आधी आपली पेरणी आटोपलीच पाहिजे, ही तहान हातातले काम बिघडवते.

पेरणीचेच उदाहरण घ्यावे. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी ओली झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि ते आपल्यालाही माहीत असते. तरीही मृगाची एक सर पडते, धुऱ्यापलीकडे तिफण चालू झालेली दिसते आणि आपल्या छातीत धडधड सुरू होते. अशा एका वर्षी मी घाईने कपाशी डोबली, म्हणजे हाताने टोकली, पुढे पावसाने मोठी उघाड दिली आणि बियाण्याची पाकिटे पुन्हा उधारीवर आणावी लागली. त्या सकाळी मी जमिनीत हात घालून ओल पाहिली असती तर थांबलो असतो, इतकी ती गोष्ट उघड होती; पण मी जमिनीकडे पाहत नव्हतो, शेजाऱ्याकडे पाहत होतो.

पहिला आठवडा: मन कुठे आहे ते पाहणे

सुरुवातीच्या आठवड्यात काहीही बदलू नये. दिवसातल्या तीन ठरलेल्या जागा निवडाव्यात, आणि त्या आधीपासून आपल्या दिवसात असलेल्याच असाव्यात. मी निवडलेल्या जागा अशा होत्या: वावराचा धुरा ओलांडताना, दुपारी पाण्याची कळशी तोंडाला लावताना आणि संध्याकाळी बैलांचे जू उतरवताना. या तिन्ही वेळी क्षणभर थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारावा की मन आत्ता कुठे आहे, आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे मनात नोंदवावे: भावात, कर्जात, काल झालेल्या भांडणात, लेकीच्या लग्नात. स्वतःला रागावू नये, मनाला ओढून आणू नये. पाली भाषेत ज्याला ‘सति’ म्हणतात तो शब्द स्मृतीवरून आला आहे, म्हणजे आपण कुठे आहोत आणि काय करतो आहोत याची आठवण राहणे. आपल्या भाषेत त्याला भान म्हणावे. हे भान जबरदस्तीने येत नाही, पण वारंवार विचारणा केली की ते हळूहळू न विचारताही येऊ लागते. मला पाचव्या-सहाव्या दिवशी असे आढळले की जू उतरवण्याआधीच, शेवटच्या फेऱ्यात, आपले मन गेले आहे हे मला कळत होते.

जिथे घरी बैल राहिलेले नाहीत तिथे ट्रॅक्टर बंद करताना, अंगणवाडीचे कुलूप काढताना, दूध संकलन केंद्रावर कॅन उतरवताना हाच प्रश्न विचारता येतो.

चिंतेला तिची वेळ देणे

हा भाग मी सविस्तर लिहितो आहे, कारण माझ्या अनुभवात सर्वांत अधिक फरक यानेच पडला. चिंता सोडून द्या असे सांगितल्याने ती सुटत नाही. तिचे काम खरे असते, फक्त तिला दिवसभर मोकळे सोडलेले असते. म्हणून तिला एक वेळ आणि एक वही द्यावी. संध्याकाळी जेवणाआधी वीस मिनिटे ओट्यावर बसून वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी, डावीकडे या आठवड्यात आपल्या हातात असलेल्या गोष्टी लिहाव्यात आणि उजवीकडे हातात नसलेल्या. बँकेत नूतनीकरणाची कागदपत्रे नेणे, तुरीत साचलेले पाणी काढायला चर खोदणे, मजुरांना सांगावा धाडणे, पाइपची गळती बांधणे हे डावीकडे. पाऊस, बाजारभाव, रानडुकरांचा कळप, शेजाऱ्याचे उत्पन्न हे उजवीकडे. घरच्या मंडळींनी सोबत बसावे, कारण अनेकदा आपण ज्याला हाताबाहेरचे समजतो ते त्यांना सोपे वाटते, आणि घरातला पैशाचा खरा हिशेब त्यांच्यापासून लपवून ठेवणे हेच चिंतेचे मोठे मूळ असते.

ज्या गोष्टींना तारीख आहे त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर जाड अक्षरात लिहाव्यात. पीककर्ज फेडण्याची ३१ मार्च ही तारीख एकदा तेथे लिहिली की ती ऑगस्टमधल्या निंदणात डोक्यात घोळवण्याची गरज राहत नाही. भावाचेही तसेच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. असा आकडा वहीत एकदा उतरवावा, आणि माल विकायला काढेपर्यंत मोबाइलवर भाव पाहणे दिवसातून एकदाच, त्या वहीच्या वेळीच ठेवावे. पूर्वी मी वेचणीच्या काळात दिवसातून दहा-बारा वेळा भाव पाहत असे, त्याने भाव एक रुपयानेही हलला नाही, मात्र प्रत्येक वेळी मी पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून, उठून मनाने मोंढ्यात जाऊन आलो.

दिवसा चिंता आली तर तिला मनातल्या मनात सांगावे की संध्याकाळी वही उघडणार आहे, तेव्हा ये. पहिल्या काही दिवसांत हे पोरकट वाटते. पण संध्याकाळी वही खरोखर उघडली जाते असा मनाला विश्वास बसला की ते दिवसा फारसे अडत नाही. म्हणून एखाद्या संध्याकाळी लिहिण्यासारखे काहीच नसले तरी वही उघडून तारीख तरी टाकावी.

आपल्या जुन्या लोकांनाही हे ठाऊक असावे असे मला वाटते. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचा, पिकांचा अंदाज सांगितला जातो. तो अंदाज कोणी किती मानावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मला त्यात विशेष वाटते ते हे की वर्षभराच्या भविष्याकडे पाहण्यासाठी परंपरेने एक पहाट राखून ठेवली आहे. ती ऐकून माणसे घरी जातात आणि काडीकचरा वेचून वावर पेरणीसाठी तयार करू लागतात.

हाताच्या कामात मन

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ध्यान म्हणजे सावकाश काम, असा समज वाचून किंवा ऐकून झालेला असतो. कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते, आणि तिला सावकाश वेचायला सांगणे हा तिच्या पोटावर पाय देण्याचा प्रकार आहे. भान आणि वेग यांचे वैर नसते. आमच्या वावरात वेचणीला येणाऱ्या एक वयस्क मावशी दिवसाकाठी माझ्या दुपटीने कापूस वेचतात. मी सारखा थांबतो असे पाहून त्या एकदा म्हणाल्या, ‘ओटी किती भरली थे सारखं पाह्यतं तू, म्हून तुवा हात थांबते.’ त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी दर दहा बोंडांनंतर ओटीचे वजन मनात काढत होतो, त्याचा रुपयांत हिशेब करत होतो आणि तेवढ्यात हात रेंगाळत होता.

वेचणीत लक्ष ठेवण्याची जागा म्हणजे बोटांची टोके. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोके बोटांना टोचतात, आणि ते टोचणेच आपल्याला परत आणणारी खूण मानावी. कापूस पूर्ण निघाला का, त्यात वाळलेले पान आले का, इतकेच पाहावे आणि पुढच्या बोंडाकडे जावे. मन गेले असे कळले की कोणताही शेरा न मारता पुढच्या बोंडाच्या स्पर्शावर यावे. एका ओळीत ते शंभर वेळा जाईल आणि शंभर वेळा आणावे लागेल. हे आणणे म्हणजेच सराव आहे, त्यामुळे मन गेल्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. याचा मालावरही परिणाम होतो. दव उतरल्यावर वेचणी सुरू करणे, पहिल्या वेच्याचा कापूस नंतरच्या वेच्यांत न मिसळणे, किडीने खराब झालेला कवडी कापूस वेगळा ठेवणे, या सगळ्या गोष्टी भानातून आपोआप घडतात. भारतीय कपास निगमाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हे मानक आहे आणि १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओला कापूस घेतला जात नाही, त्यामुळे पहाटेच्या घाईत भिजका कापूस ओटीत घेणाऱ्याला ती घाई काट्यावर महाग पडते.

डवरणीत, म्हणजे ओळींमधल्या कोळपणीत, लक्ष पावलांवर ठेवावे, कारण डवऱ्यामागे चालताना बैलाच्या चालीशी आपले पाऊल आपोआप जुळते आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटेचा ठेका मनाला धरून ठेवतो. निंदणात लक्ष मुळावर ठेवावे, तण मुळासकट सुटताना हाताला जी ओढ जाणवते तिच्यावर. भाकरी थापणारीला काही शिकवण्याची गरज नाही. तिचे लक्ष क्षणभर हलले तर भाकर तव्यावर लागते, हे तिला ठाऊक असते.

फवारणीबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, अनेकांना रुग्णालयात भरती व्हावे लागले. त्यामागे औषधांपासून संरक्षक साधनांच्या अभावापर्यंत अनेक कारणे होती आणि सगळा दोष फवारणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे; तरीही जेवढे आपल्या हातात आहे तेवढे जपावेच. पंप पाठीवर घेण्याआधी तीन श्वास थांबून पाहावे: वारा कोणत्या दिशेचा आहे, तोंडावर मास्क आणि हातात मोजे आहेत का, नोझल गळते का, आपण काही खाऊन आलो आहोत का. काम चालू असताना तंबाखू, बिडी, पाणी यांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर उरलेला पंप संपवण्याचा हट्ट तेथेच सोडावा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. एवढी ओळ संपवूनच उठतो, ही तहान येथे जीव घेते.

एका फुलाची सोबत

वेगळा सराव करायचा असेल तर कपाशीच्या एका झाडावरचे एक फूल निवडून त्याच्या देठाला हलका दोरा बांधावा. उमलते त्या दिवशी ते फिकट पिवळसर पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग वाळून गळते आणि मागे इवले बोंड दिसू लागते. तेथून बोंड फुटेपर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. रोज वावरात गेल्यावर त्या बोंडाजवळ एक मिनिट उभे राहावे, त्याला हात न लावता पाहावे आणि कामाला लागावे. मधे ते गळूनही जाईल, अळी लागेल. तसे झाले तर तेही पाहावे आणि दुसऱ्या फुलाला दोरा बांधावा. मी तीन हंगाम हे केले. वाट पाहणे आणि पाहणे यांतला फरक मला त्या बोंडाजवळ उभे राहून कळला.

बसणे आणि गप्प राहणे

श्वासावर लक्ष ठेवून बसण्याला पालीत आनापान म्हणतात आणि त्याची रीत सोपी आहे. पाठ ताठ ठेवून बसावे, नाकपुडीशी श्वास आत येताना आणि बाहेर जाताना जो स्पर्श होतो तो जाणवू द्यावा, श्वास लांब किंवा आखूड करू नये, आणि मन गेले की परत तेथेच यावे. दहा मिनिटे पुरेत. थकलेल्या अंगाला रात्री झोप येते, म्हणून संध्याकाळी हातपाय धुतल्याबरोबर बसणे बरे.

एकट्याने हे चालू ठेवणे कठीण जाते, आणि येथे विदर्भातल्या गावांचे भाग्य मोठे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना आजही कित्येक गावांत होते. विहारात वंदना होते. मंदिरात हरिपाठ असतो, कार्तिकात काकडा असतो. आपल्या श्रद्धेला जे जवळचे असेल तेथे जावे आणि ते संपल्यावर लगेच गप्पांत न शिरता दहा मिनिटे तसेच बसावे. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. दरवर्षी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय मौन पाळतो. ज्याने त्या मैदानातली शांतता एकदा अनुभवली आहे, त्याला गप्प राहणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उसनी इच्छा

ज्या इच्छेने आपण सर्वांत अधिक पोळतो ती बहुधा आपली नसते, दुसऱ्याच्या अंगणातून आलेली असते. एखादी मोठी वस्तू घेण्याचे किंवा लग्नात मोठा खर्च करण्याचे मनात आले तर ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि पुढचे चार आठवडी बाजार होऊ द्यावेत. चौथ्या बाजारानंतर ती गरज तेवढीच उरली असेल तर घरात बोलून ठरवावे. माझ्या वहीतल्या अशा नोंदींपैकी निम्म्याहून अधिक मला स्वतःलाच नंतर अनोळखी वाटल्या.

दोन इशारे

समाधानाच्या नावाखाली कोणी हक्काची मागणी सोडायला सांगत असेल तर ते ऐकू नये. हमीभाव मागणे, काट्यातील लूट अडवणे, पीकविम्यासाठी तक्रार नोंदवणे ही सर्व डाव्या रकान्यातली कामे आहेत आणि ती शांत मनाने अधिक चिवटपणे करता येतात.

दुसरा इशारा अधिक काळजीपूर्वक वाचावा. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कर्जाच्या विचाराने जगणे नकोसे होते आहे, अशी अवस्था असेल तर श्वास पाहत एकटे बसू नये. अशा वेळी माणसात बसावे. घरात सांगावे, विश्वासातल्या माणसाला सांगावे, आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते. घरातील कोणी अचानक अबोल झाला असेल, हिशेब मिटवू लागला असेल, तर कीटकनाशकांचे डबे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी आणि त्याला एकटे सोडू नये.

केव्हा सुरुवात करावी, असे विचारणाऱ्यांना मी सीतादहीचा दिवस सुचवतो. पहिल्या वेचणीच्या वेळी आमच्याकडे पऱ्हाटीची पूजा करून वावराला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. कापूस तेव्हा नुकता फुटू लागलेला असतो, व्यापारी अजून गावात आलेला नसतो. त्या सकाळी मोबाइल घरी ठेवावा, नैवेद्य झाल्यावर जोडीने पहिले तास धरावे, आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत किती निघेल याबद्दल कोणी बोलू नये.